सागरतीरींचे सौध आणि जुन्नरचे कडे

समुद्राकडे तोंड केलेले, मजल्यांवर मजले चढविलेले प्रासाद म्हटले म्हणजे मुंबईच्या मलबार टेकडीचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु समुद्राच्या व्यापारानें धनाढ्य झालेले लोक या किनाऱ्यास नवे नाहींत. दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण आणि शूर्पारक, म्हणजे आजचें सोपारें, हीं खाडीकांठचीं बंदरें दूरदेशींच्या व्यापारानें गजबजलेलीं होतीं. त्या काळीं घरबांधणीचें मुख्य साहित्य लांकूड. म्हणून तेथील सावकारांच्या घरांपैकीं एकहि आज उभें नाहीं. तीं कशीं दिसत असतील याचा अंदाज करावयाचा, तर समुद्राकडे पाठ फिरवून सह्याद्रि चढावा लागतो.

कल्याणचा माल देशावर येई तो नाणेघाटानें. दक्षिणेस आंबेगावच्या मुलुखांतून आहुप्याचा घाटहि कोंकणांत उतरतो; परंतु थोरल्या मार्गाचा मान नाणेघाटाचा. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा शिलालेख असून यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची मोजदाद त्यांत अंकांनीं केलेली आहे. जवळच एक दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत पडत, अशी लोकांची समजूत आहे. हा मार्ग पुढें जुन्नरास येतो.

हा व्यापार निर्वेध मात्र नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत, कल्याणास आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात, असें नमूद आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा तो काळ. मानमोडीच्या डोंगरांत क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. म्हणजे खुद्द जुन्नरहि कांहीं काळ क्षत्रपांच्या हातीं गेलें होतें. परंतु तो लेखहि दानाचाच आहे: एक पाण्याचें टांकें आणि एक मंडप. लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें दिलें. शिवनेरीवर इरिल नांवाच्या यवनानें दोन टांकीं दिलीं, तर चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात कोठड्यांचें लेणें खोदविलें.

आतां या लेण्यांचे दर्शनी भाग पाहावे. कमानदार गवाक्षें, सज्जास शोभेल असा वेदिकेचा कठडा, पुढें आलेलीं वाशांचीं टोकें! डोंगरांत कोरलेल्या छतास वाशांचा आधार लागत नाहीं. हें मूळचें सुताराचें काम. पाथरवटानें तें डोळ्यांपुढील लांकडी इमारतींवरून दगडांत उतरविलें. पुणें जिल्ह्यांतच कार्ल्याच्या चैत्यापुढील ओसरीच्या दोन्ही बाजूंस हत्तींच्या वर अनेक मजली प्रासादांचे देखावे कोरलेले आहेत, आणि आंतल्या छतास खऱ्या लांकडी फासळ्या अद्यापि आहेत. नष्ट झालेल्या नगरांतील सौधांची कल्पना आपणांस येते ती अशाच खुणांवरून.

शिवनेरीच्या कड्यांत हीं लेणीं निरनिराळ्या उंचीवर, एकावर एक अशीं आहेत. परंतु तेथें राहणाऱ्याचा संसार केवढा? एक लहान कोठडी, निजावयास दगडी ओटा आणि दाराशीं पाणी. लेण्याद्रीस गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणाऱ्या श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं तें मंदिर म्हणजे मूळचा २० कोठड्यांचा भिक्षुविहार आहे. त्याच्या ओसरींतून समुद्र दिसत नाहीं. दिसतें तें कुकडीचें खोरें.

सुलसदत्ताचें स्वतःचें घर कल्याणांत कोठें होतें, किती मजली होतें, हें आज कोणासहि सांगतां येणार नाहीं. त्यानें दुसऱ्यांसाठीं खोदविलेलें चैत्यगृह मात्र लेण्याद्रीवर उभें आहे, आणि त्याचें नांव तेथील भिंतीवर आजहि वाचतां येतें.