कानाचा लगाम मेंदूच्या हाती

सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात सायंकाळी उभे राहून शेजारच्या मित्राशी बोलून पाहावे. हॉर्न, ऑटोंची घरघर, विक्रेत्यांच्या आरोळ्या या गदारोळातूनही त्याचे शब्द आपण बऱ्याच अंशी टिपतो. याचे श्रेय एकट्या कानाचे नाही. कानाकडून मेंदूकडे वार्ता जाते, हे सर्वांना ठाऊक असते. मेंदूकडूनही कानाला आज्ञा येतात, हे मात्र फारसे माहीत नसते.

अंतर्कर्णातील कॉक्लिया हा गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे पावणेतीन वेढ्यांचा अवयव. त्यात केशपेशींची आतली एक व बाहेरच्या तीन रांगा असतात. आतल्या पेशी सुमारे ३,५००, तर बाहेरच्या १२,००० च्या घरात. गंमत अशी की, मेंदूकडे वार्ता नेणारे बहुतेक मज्जातंतू संख्येने कमी असलेल्या आतल्या पेशींनाच जोडलेले असतात. मग बाहेरच्या पेशी करतात काय? त्या ध्वनिवर्धकाचे काम करतात. विद्युतदाब बदलताच त्यांची लांबी कमी-अधिक होते आणि क्षीण कंपने बळावतात. विल्यम ब्राउनेल यांनी १९८५ मध्ये ही हालचाल दाखवली; तिच्यामागील ‘प्रेस्टिन’ हे प्रथिन २००० मध्ये उजेडात आले.

या ध्वनिवर्धकाची कळ मेंदूच्या देठात आहे. तेथून कानाकडे उतरणाऱ्या तंतूंच्या जुडग्याचे वर्णन ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ मध्ये केले. हे तंतू उद्दीपित केल्यास श्रवणसंदेश मंदावतात, हे रॉबर्ट गालाम्बोस यांनी १९५६ मध्ये मांजरांवरील प्रयोगांत सिद्ध केले.

तंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते. ते बाहेरच्या केशपेशींवरील अल्फा-९ व अल्फा-१० या घटकांनी बनलेल्या ग्राहींना चिकटते, पेशीत कॅल्शियम शिरते, त्यामुळे पोटॅशियमची दारे उघडतात आणि ते बाहेर पडते. पेशीच्या आतला ऋणभार वाढतो व वर्धन घटते. स्नायूंना आकुंचन पावायला लावणारे रसायन येथे लगाम खेचते, हे विलक्षणच. सततचा गोंगाट असा दबला की, त्यावर उमटणारा नवा शब्द अधिक उठून दिसतो. आतल्या पेशींखालील तंतूंवर मेंदूचे दुसरे तंतू काम करतात. त्यांचे कार्य अजून पुरते उलगडलेले नाही.

उंदरांत हा लगाम बळकट केला असता गोंगाटाने होणारी इजा कमी झाली. माणसांत तेवढे संरक्षण मिळते काय, यावर मतभेद आहेत. शिवाय या यंत्रणेला परिणाम साधायला सुमारे दशांश सेकंद लागतो. कानाजवळ फुटणारा फटाका तेवढा अवधी देत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबत मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाशेजारी तासन्‌तास चालणाऱ्यांनी म्हणूनच या लगामावर विसंबू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती किती पाळली जाते, हे नागपूरकरांना सांगायला नको. मेलेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

ही यंत्रणा तपासताही येते. निरोगी कान स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. नवजात बालकांची श्रवणचाचणी त्यावरच आधारलेली आहे. एका कानातील हा ध्वनी मोजताना दुसऱ्या कानात मंद खरखर ऐकवली की, तो किंचित क्षीण होतो. मेंदूने कळ दाबल्याची ती खूण.