पाला, पूड आणि गोळी

मागच्या महिन्यात आमच्या गटाकडे एक व्यापारी आला. आमची शेवग्याच्या पाल्याची पूड त्याला पसंत पडली. भावही बरा देत होता. अट एकच, पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट, कॅन्सरवर गुणकारी’ असं छापायचं. यावरून आमच्या दोन बैठका भांडणात गेल्या. असा भाव परत मिळायचा नाही, असं निम्म्या जणींचं म्हणणं. मग ठरलं, आधी या शब्दाची कुळकथा तरी समजून घेऊ. तीच आज तुम्हाला सांगतो.

शब्द अवघड, पण गोष्ट चुलीपुढची. चिरलेलं वांगं हवा लागली की काळं पडतं, ती ऑक्सिजनची करणी. आपल्या शरीरात ऑक्सिजन वापरला जातो, तेव्हाही नासधूस करणारे कण तयार होतात. त्यांना आवरतात ते अँटिऑक्सिडंट. पानाला तर त्यांची फारच गरज. दिवसभर उन्हात उभं राहून अन्न तयार करायचं, तर स्वतःचा बचाव नको? म्हणून पानात कॅरोटीन असतं, क जीवनसत्त्व असतं. कॅरोटीनचा रंग नारिंगी-पिवळा. हिरव्याखाली तो दडलेला असतो, पान पिकलं की दिसतो.

हे कॅरोटीन १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन संशोधकाने गाजरातून वेगळं काढलं. ते शरीराच्या काय कामाचं, हे कळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९३० साली इंग्लंडात थॉमस मूर यांनी उंदरांना ते खाऊ घालून दाखवलं, की शरीर त्याचं अ जीवनसत्त्व बनवतं. हेच कमी पडलं की रातांधळेपणा येतो, लहान पोरांचे डोळेही जातात. आपल्या देशात १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेने भारतीय अन्नाच्या पोषणाचे तक्ते छापले. ती संस्था पुढे हैदराबादला गेली. आजच्या तक्त्यांत पाहा, शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात क जीवनसत्त्व १०० मिलिग्रॅमच्या वर आहे. संत्र्यात याच्या निम्मंही नाही.

आणि आपण काय करत होतो? १९७२ च्या दुष्काळात मिळेल त्या पाल्यावर दिवस काढलेल्या आमच्या सासवा पुढे पाहुणे आले की पालेभाजीचं भांडं झाकून ठेवायच्या. गरिबीचा शिक्का बसला होता ना तिच्यावर.

शहाण्यांचंही चुकलंच. भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग पानातला एकच पदार्थ काढून गोळी केली तर? फिनलंडमध्ये १९८५ पासून सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग झाला. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नव्हे, १८ टक्क्यांनी जास्त निघाला! अमेरिकेतला असाच दुसरा प्रयोग १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. पान म्हणजे एकटं कॅरोटीन नव्हे. त्यात चोथा आहे, लोह आहे, कॅल्शियम आहे, आणखी किती तरी पदार्थ आहेत. शिवाय भाजी खाणारा माणूस इतरही बऱ्याच बाबतीत वेगळा राहत असतो.

हे सगळं तिसऱ्या बैठकीत वाचून दाखवलं. रोग बरा होतो असं खाण्याच्या पाकिटावर छापणं कायद्यातही बसत नाही, हेही तेव्हाच कळलं. पूड वाईट आहे असं नाही. सावलीत वाळवली तर कॅरोटीन बरंच टिकतं, क जीवनसत्त्व मात्र वाळवताना पुष्कळ जातं. म्हणून ताजा पाला मिळतो तेव्हा ताजाच खावा. आधी धुवावा, मग चिरावा, उकळत बसू नये. फोडणीला तेल हवंच, कारण कॅरोटीन तेलाशिवाय अंगी लागत नाही.

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. तो रागावूनच गेला. पाकिटावर आता एवढंच आहे : ‘शेवग्याचा पाला, सावलीत वाळवलेला. आमटीत, भाकरीच्या पिठात घाला.’ गेल्या आठवडी बाजारात अकरा पाकिटं गेली. उरलेली येत्या बुधवारी पुन्हा मांडणार आहोत.