गुरांची खूण आणि रानाचा हिशेब

गुराच्या अंगावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल फार जुनी आहे. त्या डागाला एकच प्रश्न विचारला जाई : हे जनावर कोणाचे? गेल्या चाळीस वर्षांत मात्र जगाने जनावराला दुसराच प्रश्न विचारण्यास आरंभ केला आहे : हे आले कोठून? मालकीची खूण पंचक्रोशीत ओळखली गेली म्हणजे पुरते; उगमाची खूण सातासमुद्रांपलीकडील गिऱ्हाइकालाही वाचता यावी लागते. या दुसऱ्या खुणेचा इतिहास आज आपण पाहू.

प्रथम हा प्रश्न रोगाने विचारला. १९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला; लोक त्याला ‘मॅड काऊ’ म्हणू लागले. २० मार्च १९९६ रोजी तेथील सरकारने पार्लमेंटात सांगितले की, माणसांतील एका जीवघेण्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याचा बराच संभव आहे. आठवडाभरात ब्रिटिश गोमांसाला परदेशी बाजार बंद झाला. त्याच वर्षी जुलैपासून तेथील नव्या वासरांना ‘पासपोर्ट’ मिळू लागला. पुढे २००० सालच्या युरोपीय कायद्याने दोन्ही कानांत एकच आकडा, पासपोर्ट, गोठ्याची नोंदवही आणि प्रत्येक देशाचे मध्यवर्ती दप्तर अशी व्यवस्था पक्की केली. जनावर कोठे जन्मले, वाढले आणि कापले गेले, हे मांसाच्या वेष्टनावर छापणे भाग पडले.

दुसऱ्यांदा तोच प्रश्न रानाने विचारला. ब्राझिलमधील ॲमेझॉनच्या अरण्यात दरवर्षी किती तोड झाली, याचे मोजमाप तेथील सरकारी संस्था १९८८ पासून उपग्रहांच्या चित्रांवरून करीत आली आहे. तोडलेल्या भूमीवर बहुतांशी गुरे चरू लागतात. २००९ साली ग्रीनपीसने या कुरणांपासून नामांकित बूट-कंपन्यांपर्यंतचा धागा जगापुढे मांडला. पारा राज्यातील सरकारी वकिलांनीही कत्तलखान्यांना न्यायालयाचा धाक घातला. बेकायदा तोड करणाऱ्यांकडून गुरे घेणार नाही, असे करार मग झाले.

परंतु वासरू एका कुरणात जन्मते, दुसऱ्यात वाढते आणि तिसऱ्यात पुष्ट होते. कत्तलखाना तपासतो तो शेवटचा विक्रेता. नोंदींचा तुटवडा होता असे नव्हे. गुरे हलविताना परवाना लागतोच. पण तो रोगनिवारणासाठी असल्यामुळे किती डोकी कोठून कोठे गेली एवढेच सांगतो, कोणते जनावर गेले ते सांगत नाही. २०१२ च्या वनकायद्याने जमिनींची नोंद सुरू झाली; तिच्यातील सीमा मालक स्वतःच लिहून देतो. शिवाय प्रत्येक कंपनीची तपासणीची रीत वेगळी. एकाने नाकारलेला माल दुसऱ्याच्या दारी खपे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे येण्यापूर्वी शेर नि मण गावोगाव निराळे होते. त्या गोंधळाचाच हा नवा अवतार होय. २०२० साली ॲमेझॉनमधील खरेदीसाठी एकच सामाईक नियमावली लागू झाली, तेव्हा कोठे सर्वांचे माप एक झाले.

कातड्याची कथा याहून बिकट. कातडे सोलले की कानातला बिल्ला मागे राहतो. पुढे मीठ, क्रोम, जहाज आणि परक्या देशातील कारखाना, अशा प्रत्येक पायरीला ढीग एकमेकांत मिसळतात. कत्तलखान्याचा शिक्का टिकला तरी त्यामागचे कुरण दिसत नाही.

शेजारच्या उरुग्वेने २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीनंतर धडा घेतला आणि २००६ च्या कायद्याने प्रत्येक जनावराला स्वतंत्र आकडा सक्तीचा केला. ब्राझिलने डिसेंबर २०२४ मध्ये तशी योजना जाहीर केली. तिची मुदत २०३२ ची आहे. इतक्या अवधीत किती रान जाईल, हा प्रश्न उरतोच.

आमच्या मते या इतिहासाचा बोध एवढा की, दप्तरे वाढवून माग लागत नाही. ती एकमेकांना वाचता आली पाहिजेत आणि तिसऱ्याला तपासता आली पाहिजेत. एरवी खोटी नोंदही सामाईक आकड्याच्या पाठीवर बसून बिनबोभाट प्रवास करील. शिवाय बिल्ल्याचा खर्च वासरे पाळणाऱ्या गरिबावर पडला, तर तो आडवाटच शोधील. आपल्या गाईम्हशींच्या कानांतही आज बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. त्यामागचे दप्तर कोण लिहितो, कोण वाचतो आणि त्याचा भार कोण वाहतो, हे आपणही विचारले पाहिजे.