आगगाडीची जुनी चित्रे

मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला. मी सातवी शिकलेली गृहिणी. पण रेल्वेची जुनी जाहिरातचित्रे जमविण्याचा मला नाद आहे, म्हणून त्यांविषयीच चार शब्द लिहिते.

आपल्या दौंड-मनमाड मार्गावर गाडी सुरू झाली १८७८ साली. स्टेशन आहे श्रीरामपुरात, पण नाव मात्र आपल्या बेलापूरचे! पुढे १९२० नंतरच्या काळात लोकांनी प्रवासास निघावे म्हणून रेल्वेने रंगीत चित्रे छापली. ताजमहाल काय, काशीचे घाट काय! मजकूर बहुधा इंग्रजी, आमंत्रण साहेबांना व परदेशी पाहुण्यांना. गाड्या मात्र भरत त्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनी. पंढरीला नि माहेरी जाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या त्यांतच होत्या.

ही चित्रे भिंतीवर डकवीत, जुन्यावर नवे लावीत. म्हणून थोडीच उरली. अस्सल चित्राला आज मोठी किंमत पडते. माझ्याजवळ बहुतेक नकलाच आहेत. १९५१ साली जी. आय. पी. रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९७४ साली तिसरा वर्गही गेला.

नुसती चित्रे जमविली तर इतिहास अर्धाच हाती लागतो. उतरताना तिकिटे परत घेत, तरी एखादे पुठ्ठ्याचे तिकीट ट्रंकेच्या तळाशी वा पोथीत राहिले असेल. ते रद्दीत घालू नका. चिकटपट्टी न लावता, ऊन-ओल टाळून कोऱ्या कागदात ठेवा. मंडळात घेऊन या. कोण, कुठे, कशासाठी गेली होती, ते वहीत लिहून ठेवू.