मगरीच्या डोहातले काम

वेंगुर्ल्याच्या बंदरातून आंबोलीचा घाट चढून बेळगावच्या बाजारात येणाऱ्या खाऱ्या मासळीत मोरीचे, म्हणजे मुशीचे, वाळवलेले तुकडे असत, आणि समुद्रातील त्या दंतूर जातीशी घाटमाथ्यावरच्या माणसाचा परिचय होत असे तो बहुधा इतकाच. दर्यात बुडी मारून पोट भरणाऱ्यांना मुशीचे जे भय असते, ते आम्हा निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना केवळ ऐकून ठाऊक. पण गढूळ पाण्याखाली हातांनी चाचपडत काम करताना आपल्याहून बलवान असा एक जीव त्याच पाण्यात वावरत आहे, ही जाणीव कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांच्या काठच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमच्या नद्यांची मुशी म्हणजे मगर. तिच्या सान्निध्यात ज्यांनी पोटापाण्यासाठी पाण्यात पाय घातला, त्यांचा इतिहास कोणत्याही दप्तरात एकत्र सापडत नाही. म्हणून जेवढा जुळवता येतो तेवढा येथे जुळवतो.

पाण्याखालचे हे भय जिथे जिथे माणसाच्या चरितार्थाशी बांधले गेले, तिथे त्याच्याशी करार करण्याची रीत निर्माण झाली. दक्षिणेकडील मोत्यांच्या मोसमाचे वर्णन करताना तेराव्या शतकातला प्रवासी मार्को पोलो लिहितो, की मोठ्या माशांना मंत्राने जखडून ठेवणाऱ्या ब्राह्मणांना पाणबुडे आपल्या प्राप्तीचा विसावा हिस्सा देत. सिलोनच्या किनाऱ्यावर या मांत्रिकाला ‘कडलकट्टी’, म्हणजे समुद्र बांधणारा, असे नाव होते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अमदानीतही त्याचा मेहनताना सरकारी तिजोरीतून चालू राहिला, कारण तो काठावर उभा असल्याखेरीज पाणबुडे दोरीला हात लावीत नसत. पायाला धोंडा बांधून, एका श्वासाच्या बळावर तळाशी जाणाऱ्या माणसाला धीर हीदेखील अवजारासारखीच आवश्यक वस्तू होती, हे त्या कारभाऱ्यांनी ओळखले होते.

आमच्याकडे असा मांत्रिक नव्हता; जे होते ते भाषेत मुरलेले आहे. संस्कृतात शिशुमार हा शब्द पाण्यातल्या वेगळ्याच प्राण्याला, डॉल्फिनला, लावीत असत. मराठीत तो झिजून ‘सुसर’ झाला आणि मगरीच्या कुळाला चिकटला. कृष्णाकाठची जुनी माणसे मगरीला सुसरच म्हणत, आणि शेजारचा कन्नड बोलणारा गडी तिलाच ‘मोसळे’ म्हणतो. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण आपण आज लाळघोट्या माणसाला लावतो. परंतु तिचा मूळ प्रसंग मनासमोर आणला, म्हणजे मध्यपात्रात सुसरीच्या पाठीवर बसलेला, जिवावर उदार झालेला माणूस दिसू लागतो. खडबडीत खवल्यांना मऊ म्हणणाऱ्याची ती लबाडी नव्हे, लाचारी आहे. चालुक्य आणि यादवांच्या काळातील देवळांच्या दारांवर मकरतोरणे कोरणाऱ्या पाथरवटांनी या प्राण्याला वरुणाच्या आणि गंगेच्या वाहनाचे स्थान दिले, त्यामागेही भय आणि आदर यांचे हेच मिश्रण असावे असे मला वाटते.

पाण्यावर पोट असणारी जात या मुलखात मुख्यतः आंबी लोकांची, कन्नडमध्ये अंबिगांची; त्यांच्या जोडीला भोई आणि कोळी. बाराव्या शतकातील शरण अंबिगर चौडय्या हा नावाडीच होता, आणि या समाजात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. पूल होण्यापूर्वी अंकली-मांजरी, येडूर, कुडची अशा ठिकाणी कृष्णा ओलांडायची तर आंब्याच्या नावेवाचून गत्यंतर नव्हते. 1836 साली बेळगावला स्वतंत्र कलेक्टर बसला, 1868 साली मुंबई सरकारने तरींचा कायदा केला, आणि त्यानंतर तरीचा लिलाव, मक्ता, दर माणशी व दर जनावरामागे आकार, ही सगळी व्यवस्था कागदावर आली. कागदावर आली नाही ती नावाड्याची जोखीम. नाव वाळूत रुतली की कमरेइतक्या पाण्यात उतरून तिला खांदा देणारा, तुटलेला दोर बुडी मारून शोधणारा, बैलांची जोडी पोहत नेताना त्यांच्या शेपटीला धरून मागोमाग जाणारा माणूस हा मक्त्याच्या कोणत्याही कलमात नाही.

नाव नसेल तिथे साधने आणखी साधी होती. वाळलेले भोपळे बांधून केलेली सांगड, वेताची आणि चामड्याची वाटोळी हरिगोल, आणि या ऊसकरी मुलखाचे खास वाहन म्हणजे गुऱ्हाळातली काहील. ज्या लोखंडी कढईत रस आटवून गूळ करायचा, तीच पावसाळ्यात नदीत लोटायची आणि तिच्यात बायकापोरांना, प्रसंगी आजारी माणसाला बसवून, चार पोहणाऱ्यांनी चार बाजूंनी धरून पैलतीराला न्यायची, हे दृश्य आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. काहिलीत बसलेला कोरडा राही. तिची कड धरून पोहणाऱ्यांचे पाय मात्र पाण्याखाली, जे दिसत नाही त्याच्या स्वाधीन असत.

आणि जे दिसत नाही ते कसे असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. आमच्या नद्यांतली मगर गोड्या पाण्याची. पूर्ण वाढलेला नर बारा-तेरा फुटांपर्यंत जातो. तिचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला एका रेषेत असल्यामुळे सारे शरीर बुडवून ठेवूनही ती पाहू, ऐकू आणि श्वास घेऊ शकते. घशाशी असलेल्या पडद्यामुळे पाण्याखाली जबडा उघडला तरी पाणी आत शिरत नाही. आणि हालचाल न करता ती तासाभराहूनही अधिक काळ बुडून राहू शकते. तिचा मुख्य आहार मासळी. माणसाच्या मागे ती लांबवर पोहत जात नाही. काठाच्या उथळ पाण्यात दबा धरून असते आणि तेथूनच झडप घालते. उन्हाळ्याच्या आरंभी ती काठाच्या वाळूत किंवा मातीत पंचवीस-तीस अंडी घालते, पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर येतात, आणि तोवर घरट्याजवळ फिरकणाऱ्या कोणाचीही ती गय करीत नाही.

जुन्या नावाड्यांना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण त्यांचे नेम याच शास्त्राला धरून होते. रोज एकाच जागी, एकाच वेळी पाण्यात उतरायचे नाही. उतरण्यापूर्वी वल्ह्याने किंवा काठीने पाणी बडवायचे. मासळीची घाण उताराच्या घाटावर टाकायची नाही. चैत्र-वैशाखात वाळूच्या उंचवट्यांपासून लांब राहायचे. आणि एकट्याने बुडी मारायची नाही, काठावर नजर ठेवणारा दुसरा हवाच. यांतला शेवटचा नेम मला सर्वांत मोलाचा वाटतो. कडलकट्टीचे मंत्र खरे असोत वा नसोत, पाण्याकडे डोळे लावून उभा असलेला एक माणूस काठावर असे, हे त्याच्या उपयुक्ततेचे रहस्य असावे.

या सहवासाचे सर्वांत सुंदर रूप आमच्या जिल्ह्याचे पाणी जिथे खाली उतरते तिथे, गोव्यात, पाहायला मिळते. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते, आणि तिच्या व जुवारीच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात मगरी नांदतात. फोंडा तालुक्यातील शेतकरी पौष अमावास्येला खाजण शेतीच्या बांधावर चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. या विधीला ‘मांगेथापणी’ म्हणतात. बांध फुटला तर खारे पाणी शेतात येऊन पीक बुडते, म्हणून बांधाच्या डागडुजीसाठी ज्यांना चिखलपाण्यात उतरावेच लागते, त्यांनी बांधाशेजारी राहणाऱ्या मगरीला देवत्व दिले, यात मला केवळ अंधश्रद्धा दिसत नाही. ज्याच्या घरातून रोज ये-जा करायची, त्याचा वर्षातून एकदा मान राखायचा, ही गावगाड्याची रीतच आहे.

कृष्णेकाठी हा जुना तोल बिघडला तो पाणी अडवल्यामुळे, आणि हे सांगताना पाणी अडवणे चुकीचे होते असे मला मुळीच सुचवायचे नाही. पूर्वी उन्हाळ्यात नदी तुटून डोहाडोहांत उरे, मगरी त्या डोहांत राहत आणि माणसे ते डोह ओळखून असत. कोल्हापूर संस्थानात उदयास आलेल्या बंधाऱ्यांच्या पद्धतीने हे चित्र पालटले. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर ही जोडनावे आमच्याकडे पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या बंधाऱ्यांची म्हणून पोरासोरांना पाठ असतात. वरच्या अंगाला कोयना आणि दूधगंगा यांची धरणे, खालच्या अंगाला हिप्परगी. नदी बाराही महिने भरलेली राहू लागली, ऊस काठापर्यंत आला, आणि ठराविक डोहांत राहणारी मगर कोठेही असू शकेल अशी स्थिती झाली.

बंधाऱ्याच्या खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्यांत आडव्या फळ्या, म्हणजे बरगे, दोन ओळींत बसवून मधल्या पोकळीत माती ठासतात, आणि मृग लागण्यापूर्वी ते काढून घेतात. मे महिन्याच्या अखेरीस एका बंधाऱ्यावर हे काम चालू असताना मी पाहिले आहे. वरचे बरगे दोराच्या आकड्याने सहज निघाले. तळचा एक बरगा गाळात घट्ट बसला होता. तेव्हा पन्नाशीतला एक गडी कमरेला दोर बांधून उतरला, दम धरून खाली गेला, आणि वर उभे असलेले सगळे बोलायचे थांबले. गढूळ पाण्यात त्याचा हातदेखील दिसत नव्हता; दोर तेवढा हलत होता. तिसऱ्या बुडीला आकडा लागला. तो वर आला तेव्हा त्याच्या बोटांची टोके पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती आणि तळहातावर गंजलेल्या पट्टीची लालसर रेघ उमटली होती. मगरीची भीती वाटत नाही का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सुसर नजरंला तरी पडती; पाण्याची वढ दिसत न्हाई.” बरगा निघताच फटीतून जे पाणी खेचले जाते, त्यात पाय किंवा हात अडकला तर माणसाचे बळ चालत नाही, हे त्याला सांगायचे होते. पाण्याखाली काम करणारे जगभरातले पाणबुडे या ओढीला फार भितात.

दुसरे काम आणखी एकाकी आहे. काठावरच्या मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी फूट व्हॉल्व्ह आणि त्याला जाळी असते; तिच्यात शेवाळ, जलपर्णी, चिंध्या अडकल्या की पाणी ओढणे बंद होते. वीज ज्या वेळी येईल त्या वेळी मोटार चालवायची असल्यामुळे शेतकरी संध्याकाळी किंवा रात्री, बहुधा एकटाच, पाण्यात उतरतो आणि नेमका काठालगत, नेमका रोजच्या जागी, नेमका मगरीच्या शिकारीच्या वेळी बुडी मारतो. आंब्याने जपलेले सगळे नेम येथे एकाच वेळी मोडतात, आणि यात दोष त्या शेतकऱ्याचा नाही. सांगलीकडे भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरींचे हल्ले झालेले आहेत, आणि ते पाणी खाली आमच्याकडेच येते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात रायबाग तालुक्यातल्या एका बुडालेल्या घराच्या छपरावर मगर येऊन बसल्याचे चित्र देशभर पाहिले गेले. लोकांनी ते नवलाने पाहिले. मला त्यात पुराने बेघर झालेले दोन रहिवासी दिसले, एक घरातून निघून गेलेला आणि एक घरावर चढून बसलेला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिले, 1975 साली सरकारने मगर संवर्धनाची योजना हाती घेतली, आणि कातड्यासाठी नष्ट होत चाललेला हा प्राणी वाचला. हे योग्यच झाले, आणि मगरी मारून टाका म्हणणाऱ्यांशी माझे कधीही पटणार नाही. परंतु ज्या आस्थेने मगरीचा विचार झाला, तिच्या एक दशांश आस्थेनेही पाण्यात उतरणाऱ्या माणसाचा झाला नाही.

करण्याजोगे जे आहे ते अवाढव्य नाही. पाइपाचे तोंड पिंपांच्या तराफ्यावर तरंगते ठेवले आणि त्याला काठावरून ओढता येईल असा दोर बांधला, तर जाळी साफ करण्यासाठी बुडी मारावी लागत नाही. धुण्याच्या आणि अंघोळीच्या घाटावर पाण्यात लोखंडी जाळीचे कुंपण घालता येते. बरगे काढण्यासाठी कप्पीचा दांडा प्रत्येक बंधाऱ्यावर कायमचा ठेवता येतो. पाणीपुरवठा संस्थांच्या चालकांना, ग्रामपंचायतींच्या सदस्यांना आणि नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला माझी हात जोडून विनंती आहे: येत्या मे महिन्यात बरगे काढायला माणूस उतरवाल, तेव्हा त्याच्या कमरेला दोर बांधा, काठावर केवळ पाण्याकडे पाहण्यासाठी दुसरा माणूस उभा करा, आणि दिवस मावळल्यावर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.