काळुंदर: एका माशाचं कूळ शोधताना

आज आपण एका माशाच्या निमित्ताने सिक्लिड या मत्स्यकुळाचा इतिहास पाहणार आहोत. हा मासा गोव्यात काळुंदर आणि केरळात करिमीन म्हणून ओळखला जातो. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात राहणारा, चपट्या अंगाचा, मोत्यासारखे ठिपके असलेला मासा.

१७९० साली बर्लिनचे डॉक्टर मार्कुस ब्लॉख यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि समुद्रातल्या फुलपाखरू-माशांच्या प्रजातीत बसवलं. अंग चपटं, म्हणजे नातेवाईकच, असा तेव्हाचा हिशोब. १८३० मध्ये कुव्हिए यांनी त्याच्यासाठी 'एट्रोप्लस' ही वेगळी प्रजाती केली. पुढे तो सिक्लिड कुळात आला. या कुळाची सोपी खूण सांगतो: बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला नाकाची दोन छिद्रं असतात, सिक्लिडांना एकच.

दुसरी खूण घशात आहे. तिथली खालची हाडं जुळून अन्न भरडणारा दुसरा जबडा तयार झालेला असतो. असाच जबडा समुद्रातल्या पोपटमाशांनाही असतो, म्हणून विसाव्या शतकात दोघांना जवळचे मानलं गेलं. २०१२ मध्ये वेनराइट आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासली, तेव्हा असा जबडा एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडल्याचं दिसलं. दोन घरांत सारखा पाटा-वरवंटा असला म्हणून ती भावकी होत नाही!

मग काळुंदरची खरी भावकी कुठे? मादागास्करमध्ये. तिथली 'पॅरेट्रोप्लस' ही त्याच्या शाखेतलीच प्रजाती. आता नकाशा आठवा. मादागास्करपासून आफ्रिका सुमारे चारशे किलोमीटर, भारत मात्र हजारो किलोमीटर. तरी नातं भारताशी! भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. म्हणून अनेकांनी म्हटलं, जमीन तुटली आणि मासे दोन्हीकडे राहिले.

पण जीवाश्म अडून बसतात. सिक्लिडांचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म टांझानियातले, साधारण साडेचार कोटी वर्षांचे. २०१३ मध्ये फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी जीवाश्म आणि जनुकं दोन्ही मोजून मांडलं, की हे कूळच गोंडवन तुटल्यानंतर बऱ्याच काळाने जन्मलं. म्हणजे मासे समुद्र ओलांडून गेले. खारं पाणी सोसणारे सिक्लिड आजही आहेत, त्यामुळे ही शक्यता हसण्यावारी नेता येत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

या वादात भारताकडे साक्षीदार तीनच, कारण आपल्याकडे मूळच्या सिक्लिड जाती तीनच आहेत. आणि १९५२ मध्ये आपण आफ्रिकेतली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, इथे आणून सोडली. तीही सिक्लिडच, पण वेगळ्या शाखेची. कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेले चुलते माणसाने पुन्हा एका पाण्यात आणले, आणि पाहुणी आता जागा अडवते आहे. बाजारात दोन्ही 'मासेच' असतात. पण काळुंदर हटला, तर त्या जुन्या प्रवासाचा आपल्याकडचा एक जिवंत पुरावा जाईल. वर्गीकरण शिकायचं ते यासाठी.