पानझडी वने
वर्षातील ठरावीक काळात बहुतेक सर्व पाने गाळून काही आठवडे किंवा महिने निष्पर्ण राहणाऱ्या वृक्षांच्या वनास पानझडी वन म्हणतात. समशीतोष्ण प्रदेशात पानगळीस घटता प्रकाश व थंडी कारणीभूत होते. महाराष्ट्रात मात्र ती पाण्याच्या टंचाईशी निगडित असून, पानांतून वाफेच्या रूपाने होणारा पाण्याचा व्यय, म्हणजे बाष्पोच्छ्वास, तिच्यामुळे थांबतो. गळण्यापूर्वी पानातील नायट्रोजनादी पोषकद्रव्ये बऱ्याच अंशी खोडात परत घेतली जातात आणि देठाच्या तळाशी दुबळ्या पेशींचा विलगन-स्तर तयार होऊन पान सुटते. ताडोबा व मेळघाट येथील सागवने उन्हाळ्यात उजाड दिसली, तरी ती निद्रिस्त मानणे चूक ठरेल. कारण पळस, पांगारा व सावर याच अवस्थेत फुलतात आणि कुसुमाला तांबडी पालवी पावसाच्या कितीतरी आधी फुटते. सदाहरित वृक्षही, उदा., महाबळेश्वरच्या पठारावरील अंजनी व जांभूळ, पाने गाळतात. परंतु जुनी पाने थोडीथोडी गळत असताना नवी येत राहिल्याने त्यांचे छत्र कधीच रिकामे होत नाही व खालची जमीन सावलीत ओलसर राहते. उलट पानझडी वनात ऊन थेट जमिनीवर पोहोचून पाचोळा वाळतो, त्यामुळे वणवे प्रामुख्याने तेथेच भडकतात.